चार दिवसांची हायब्रिड कार्यशाळा: दोन दिवस घरून, दोन दिवस वर्गात

मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे दिवे, सेन्सर वगैरे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपची, चार दिवसांची कार्यशाळा नुकतीच केली. पहिले दोन दिवस घरून, लॅपटॉपसमोर बसून. शेवटचे दोन दिवस प्रत्यक्ष वर्गात. संस्थेची सोयच तशी होती. रोज सकाळी आपण ठरवायचं, यायचं की घरून जोडून घ्यायचं. या प्रकाराला ‘हायफ्लेक्स’ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतल्या ब्रायन बीटी यांनी ही मांडणी केली. कुठून शिकायचं ते शिकणाऱ्याने ठरवावं आणि कुठूनही शिकलं तरी शेवटी हाती तेवढंच लागावं, अशी त्यामागची कल्पना. यातला पहिला भाग संस्थेने चोख सांभाळला. हा रिव्ह्यू दुसऱ्या भागाबद्दल आहे.

शिक्षक तेच, अभ्यासक्रम तोच, सोबतची माणसं तीच. बदलली ती फक्त माझी खुर्ची. त्यामुळे घरी काय कमी पडतं आणि वर्गात काय, हे मला चांगलं ताडून पाहता आलं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. वायरिंग, सोल्डरिंग (वितळलेल्या धातूने जोड देणं), मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) हे माझं रोजचं. कोड लिहिणं मात्र नवीन. पुढे मला हेच मुलांना शिकवायचं आहे, त्यातली काही मुलं घरूनच जोडून घेणार आहेत. म्हणून मी शिकत होते तेवढीच हे लोक शिकवतात कसं तेही बघत होते. संस्थेचं नाव इथे देत नाही, कारण खाली ज्या उणिवा लिहिल्या आहेत त्या मी इतर कार्यशाळांतही पाहिल्या आहेत आणि मला बोलायचंय ते पद्धतीबद्दल.

आम्ही एकूण चोवीस जण होतो. अठरा वर्गात, सहा पडद्यावर. शिकवायला एक सर आणि मदतीला दोघी ताई.

किट आठवडाभर आधीच घरी आलं होतं. अर्डुइनो यूनोच्या धर्तीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एक ईएसपी३२ (असाच आणखी एक बोर्ड), मोठा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायर खोचून जोडणी करायची भोकांची पाटी), जंपर वायर, एलईडी, रेझिस्टर (वीजप्रवाह कमी करणारा भाग), अंतर मोजायचा एचसी-एसआर०४ सेन्सर. प्रत्येक पाकिटावर आत काय आहे ते स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आणि सोबत यादी. ज्याने हे किट भरलं त्याने मन लावून भरलं होतं. पहिल्या सत्राच्या दोन दिवस आधी अर्ध्या तासाची तपासणी बैठकही ठेवली होती: सॉफ्टवेअर बसलंय का, माइक चालतोय का, बोर्डावरचा छोटा दिवा लुकलुकवता येतोय का. ज्यांनी ही बैठक केली त्यांचा पहिला दिवस सुरळीत गेला. ज्या एका गृहस्थांना ती जमली नाही त्यांचं काय झालं ते सांगते.

बोर्ड लावला की त्यांच्याकडे दिवा लागत होता, पण लॅपटॉपवर पोर्ट (बोर्डाशी बोलायची वाट) काही दिसेना. सरांनी त्यांना ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला बोर्ड ओळखता यावा म्हणूनचं छोटं सॉफ्टवेअर, टाकायला लावला. स्वस्त बोर्डांवर सीएच३४० नावाची चिप असते, तिला पुष्कळदा वेगळा ड्रायव्हर लागतो, त्यामुळे शंका रास्तच होती. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. मग यूएसबीचं दुसरं भोक. चाळीस मिनिटं गेली. शेवटी एका ताईंनी विचारलं, “केबल किटमधलीच आहे ना?” नव्हती. किटमधली आखूड पडली म्हणून त्यांनी घरातली, फोन चार्ज करायची लावली होती. त्यातल्या काही केबल फक्त वीज नेतात, डेटाच्या तारा आत नसतातच. दिवा लागतो आणि माणूस केबलवर संशय घेत नाही.

हेच वर्गात घडलं असतं तर? तिसऱ्या दिवशी घडलंच. माझ्या शेजारच्या मुलीचा बोर्ड दिसेना, तिने काही न बोलता माझी केबल उपसली, स्वतःच्या बोर्डाला लावली, बोर्ड दिसला. दहा सेकंद. वर्गात शेजाऱ्याची चालती वस्तू हेच आपलं तपासायचं साधन असतं. घरी बसलेल्याकडे चालतं म्हणून खात्रीने माहीत असलेलं दुसरं काहीच नसतं. ही गोष्ट मला पूर्वी सुचलीच नव्हती. दूरच्या माणसाच्या किटमध्ये एक जादा केबल आणि एक जादा बोर्ड घालणं चैनीचं वाटतं, पण त्या दोन वस्तू म्हणजे त्याचा शेजारी आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही चार एलईडी एका रांगेत लावत होतो, एकामागून एक पेटणारे. माझे दोन पेटले, उजवीकडचे दोन नाहीत. कोड तपासला, बरोबर. एलईडीचे पाय तपासले, लांब पाय जिथे हवा तिथे. एलईडी बदलले. तरी नाही. सर म्हणाले, “बोर्ड जरा कॅमेऱ्यासमोर धरा.” मी ब्रेडबोर्ड उचलून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर उभा धरला. उचलताना दोन वायर निसटल्या. त्या परत खोचल्या, पुन्हा उचलला, आता पेटणाऱ्यांपैकी एक विझला. कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर फोकस करत होता आणि बोर्ड धूसर दिसत होता. सरांना काही दिसत नव्हतं, मला काही सांगता येत नव्हतं, आणि वर्गातले अठरा जण थांबले होते. वीस-पंचवीस वर्षं हातात पक्कड धरलेली बाई मी, पण त्या वेळी मला रडू यायचं बाकी होतं. आपल्यामुळे सगळे खोळंबलेत ही भावना फार वाईट.

तेवढ्यात दुसऱ्या ताई मला वेगळ्या खोलीत घेऊन गेल्या, म्हणजे पडद्यावरच्या. म्हणाल्या, “बोर्ड खाली ठेवा. त्याला हात लावू नका. तुमचा फोन आहे ना? पुस्तकांचे दोन ढीग करा, फोन मध्ये आडवा ठेवा, कॅमेरा खाली बघेल असा, आणि फोनवरूनही मीटिंगला या. फोनचा माइक बंद, आवाजही बंद, नाहीतर शिट्टी वाजेल.” मी तसं केलं. पहिल्यांदाच त्यांना माझं टेबल दिसलं. चार-पाच सेकंद गप्प होत्या. मग म्हणाल्या, “वरच्या लाल रेघेकडे बघा. मध्यावर तुटलीये का?”

तुटली होती. मोठ्या ब्रेडबोर्डांपैकी काहींमध्ये वरच्या आणि खालच्या कडेने धावणारी विजेची पट्टी अखंड नसते, मध्यावर दोन तुकडे असतात, आणि त्याची खूण म्हणजे छापलेल्या रंगीत रेघेत सोडलेली बोटाच्या पेराएवढीही नसलेली फट. माझ्या उजव्या अर्ध्या भागात ग्राउंडच, म्हणजे वीज परत जायची वाटच, पोचत नव्हतं. खालच्या निळ्या रेघेतही तशीच फट. एक छोटी वायर त्या फटीवरून टाकली आणि चारही एलईडी पेटले.

त्या क्षणापासून कार्यशाळा संपेपर्यंत मी दुसरं काही म्हणत नाहीये, एवढंच म्हणतेय: दूरच्या माणसाचे हात दिसले पाहिजेत. चेहरा नाही दिसला तरी चालेल. कोडमधली चूक स्क्रीनवर असते, स्क्रीन शेअर केली की ती सगळ्यांपर्यंत पोचते. जोडणीतली चूक टेबलावर असते, आणि टेबल कुणी शेअर करायला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सहाही जणांना फोन असा टांगायला सांगितला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. रात्रीतून त्यांनी पद्धत बदलली.

तरीही कॅमेऱ्याची एक मर्यादा राहतेच, ती रंगाची. एका सहभागी बाईंचा एलईडी अगदी मिणमिणता पेटत होता. किटमध्ये १ किलोओहम आणि १० किलोओहम असे दोन्ही रेझिस्टर होते. पहिल्यावर तपकिरी, काळा, लाल. दुसऱ्यावर तपकिरी, काळा, नारिंगी. पिवळ्या दिव्याखाली फोनच्या कॅमेऱ्यातून लाल आणि नारिंगी वेगळे ओळखून दाखवावेत कुणी. ५ व्होल्टवर लाल एलईडीने स्वतःकडे साधारण २ व्होल्ट ठेवले तर १ किलोओहममधून ३ मिलिअँपिअर जातो आणि १० किलोओहममधून त्याचा दहावा हिस्सा. मिणमिणणारच. मी माझ्या मीटरने माझे रेझिस्टर आधीच मोजून ठेवले होते, पण किटमध्ये मीटर नव्हता. साधा, लहानातला लहान मल्टिमीटर घरून शिकणाऱ्याच्या किटमध्ये असलाच पाहिजे. ताई जेव्हा म्हणू शकतात, “काळी सुई इथे, लाल तिथे, आकडा वाचा,” तेव्हा त्यांना कॅमेऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र घरचा अनुभव वर्गापेक्षा सरस होता, हे मनापासून लिहिते. दुसऱ्या दिवशी अंतराच्या सेन्सरचे आकडे यायच्या जागी माझ्या सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) उलटसुलट चिन्हं येऊ लागली. स्क्रीन शेअर केली, सर म्हणाले, “खाली उजवीकडे बघा, वेग किती निवडलाय?” कोडमध्ये ९६०० होता, मॉनिटरवर ११५२००. अर्ध्या मिनिटात सुटलं, आणि सगळ्या चोवीस जणांनी ती चूक आणि तिचा उपाय पाहिला. वर्गात हीच चूक होते तेव्हा सर त्या बाकाशी जाऊन वाकतात, हळू आवाजात सांगतात, आणि शेजारच्या रांगेत तीच चूक पुन्हा होते. वर्गात शेवटच्या बाकावरून पडद्यावरचा कोड वाचायलाही मला डोळे ताणावे लागले. घरी तोच कोड माझ्या नाकासमोर होता.

फक्त एक अडचण: घरी एकाच स्क्रीनवर सरांचा कोडही बघायचा आणि आपला कोडही लिहायचा. खिडक्या सारखी अदलाबदल करून मी दोनदा सरांचं बोलणं हुकवलं. वर्गात समोरचा मोठा पडदा हीच दुसरी स्क्रीन असते. घरून जोडून घेणाऱ्याने टॅब, जुना लॅपटॉप, टीव्ही, जे असेल ते दुसरी स्क्रीन म्हणून लावावं. संस्थेच्या सूचनापत्रात ही ओळ नव्हती. असायला हवी.

आवाजाचं काय ते सांगते, कारण याचा त्रास सगळ्यात जास्त झाला आणि उपाय सगळ्यात सोपा होता. सरांच्या शर्टाला माइक होता, त्यांचं बोलणं स्वच्छ यायचं. वर्गातल्या लोकांचे प्रश्न मात्र अजिबात ऐकू येत नव्हते. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. माइक सरांच्या तोंडापासून वीतभर, आणि मागच्या बाकावरचा माणूस पाच मीटरवर, म्हणजे पंचवीस-एक पट लांब. त्याचा आवाज २८ डेसिबलच्या आसपास खाली जातो, तो कुठल्याही माइकला पेलणारा नाही. आम्हाला काय ऐकू यायचं? शांतता, मग हशा, मग सर म्हणायचे, “हो, बरोबर, तेच होईल.” काय होईल? कशाने? सहा जण सहा घरांत एकटे बसून विचार करायचे की आपल्याकडून काय सुटलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी हे लिहून कळवलं. दुसऱ्या दिवसापासून सरांनी नियम केला: प्रश्न स्वतः पुन्हा उच्चारायचा, मगच उत्तर. शिवाय वर्गात मध्यभागी एक हातातला माइक ठेवला. पण सवय मोडायला वेळ लागतो. चौथ्या दिवशी मी वर्गात बसलेली असताना मोजत होते, पाच प्रश्नांमागे एकदा तरी सर विसरायचे, आणि मग पडद्याजवळ बसलेल्या ताई हात वर करायच्या.

त्या ताईंबद्दल दोन शब्द. दोघींपैकी एकीचं काम ठरवून दिलेलं होतं: ती वर्गातल्या कुणाकडेही बघणार नाही, फक्त पडद्यावरच्या सहा जणांची. वर्गातल्या कुणी हाक मारली तरी ती दुसरीकडे बोट दाखवायची. पहिल्या दिवशी सकाळी ही वाटणी नव्हती, दोघीही ‘सगळ्यांच्या’ होत्या, म्हणजे प्रत्यक्षात वर्गातल्यांच्या होत्या, कारण समोर उभा राहून “ताई, जरा बघता का” म्हणणाऱ्याला कोण नाही म्हणेल? माझ्या ब्रेडबोर्डच्या प्रकारानंतर वाटणी झाली. एवढ्या एका बदलाने आम्ही बाहेरून डोकावणारे राहिलो नाही, वर्गाचे झालो.

कुणाचं झालंय, कुणाचं अडलंय हे कळायची रीतही त्यांनी चांगली बसवली. वर्गात प्रत्येकाकडे दोन रंगांचे चिकटकागद: काम झालं की हिरवा लॅपटॉपच्या पाठीवर, अडलं की गुलाबी. ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी १९९८ साली सुरू केलेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्री या संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या उपक्रमाच्या कार्यशाळांतून ही पद्धत बऱ्याच ठिकाणी पसरली. हात वर करून ताटकळावं लागत नाही, कागद लावा आणि काम चालू ठेवा. घरच्यांसाठी एक सामाईक तक्ता होता, नावापुढच्या चौकटीत ‘झालं’ किंवा ‘अडलंय’ लिहायचं. चॅटमध्ये लिहिलं की वर सरकून हरवतं. तक्त्यात ते जागेवर राहतं. मला चॅटवर ‘मला जमत नाहीये’ लिहायला संकोच वाटायचा, चौकटीत ‘अडलंय’ लिहायला नाही वाटला.

सरांची आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी. “काही शंका?” असं विचारून ते खरोखर थांबायचे. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, सुधारतात. पडद्यावरच्या माणसाला तीनही पुरत नाहीत. आधी आवाज पोचायचा, मग माइकचं बटण शोधायचं, मग धीर गोळा करायचा. सर मनात दहा मोजायचे, आणि पहिली पाळी पडद्याची, मग वर्गाची.

तिसरा दिवस वर्गातला माझा पहिला, आणि तो वाया जाता जाता राहिला. ईएसपी३२ साठीचं पॅकेज, म्हणजे त्या बोर्डाला लागणारं सॉफ्टवेअर, उतरवून घ्यायचं होतं, आणि अठरा जणांनी एकाच वायफायवर एकाच वेळी ते सुरू केलं. एकाचं ३०० एमबी धरलं तरी अठरांचं पाच जीबीच्या वर जातं. २० एमबीपीएसच्या जोडणीवर सगळं सुरळीत चाललं तरी ३६ मिनिटं. सुरळीत चाललं नाही. घरचे सहा जण मात्र आपापल्या इंटरनेटवर दहा मिनिटांत मोकळे, आणि आमची वाट बघत बसलेले. शेवटी एका ताईंनी पेनड्राइव्हवरून फाइल वाटल्या. हे पॅकेज आधीच्या तपासणी बैठकीतच उतरवून घ्यायला लावायला हवं होतं. एवढ्या नीटस लोकांकडून ही चूक व्हायला नको होती.

चौथा दिवस सोल्डरिंगचा, आणि माझी मोठी तक्रार इथे आहे. संस्थेच्या पत्रकात ‘दोन्हीकडे सारखाच अनुभव’ असं लिहिलं होतं. सोल्डरिंगला तो नव्हता आणि असूही शकत नाही. घरच्यांना सोल्डरिंग आयर्न पाठवलं नव्हतं, ते बरंच केलं, कारण ३५० अंशांचं टोक कुणाची देखरेख नसताना नवख्याच्या हाती देऊ नये. पण मग ते सहा जण दोन तास नुसते बघत बसले. सरांचं प्रात्यक्षिक त्यांना आमच्यापेक्षा चांगलं दिसलं असेल, कारण कॅमेरा जोडाच्या अगदी जवळ होता: आधी पॅड (पाटीवरचा धातूचा ठिपका) आणि सुट्या भागाचा पाय दोन्ही तापवायचे, मग सोल्डर टेकवायचं, ते स्वतःहून पसरतं, चकचकीत शंकूसारखं बसतं. ६०-४० (कथील-शिसं) सोल्डर १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, पण पाय थंड असेल तर ते त्याला धरत नाही, नुसतं गोळा होऊन बसतं आणि ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, होतो. हे सगळं पडद्यावर दिसतं. मनगटाला मात्र कळत नाही. माझ्या शेजारच्या मुलीने पहिले चार जोड बिघडवले. पाचव्याला मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “आता थांब, आता सोड.” सहावा तिने एकटीने केला, आणि तो चांगला झाला. कॅमेऱ्यातून हे करता येत नाही. पत्रकात सरळ लिहावं की चौथ्या दिवशी वर्गात यावं लागेल, नाहीतर तो दिवस वगळून नोंदणी करा. लोक समजून घेतात.

रेकॉर्डिंग रोज रात्री मिळायचं, प्रकरणं पाडून. उपयोगी. ऑनलाइन सिम्युलेटरही (पडद्यावरच चालणारा नकली बोर्ड) दाखवला, बोर्ड बिघडला तर कोडचा सराव थांबू नये म्हणून. त्यात वायर निसटत नाही, पट्टी तुटलेली नसते, त्यामुळे कोडपुरता तो छान.

पाचपैकी चार देते. एक गुण सोल्डरिंगच्या दिवसाचा आणि वायफायचा गेला. घरून करायचं असेल तर खुशाल करा, पण फोन वरून टांगायची सोय, दुसरी स्क्रीन आणि मीटर एवढं जमवूनच बसा. प्रोग्रॅमिंग येतं आणि हार्डवेअर नवीन आहे, असं असेल तर निदान पहिला आणि शेवटचा दिवस वर्गात घालवा.

संस्थेला मी हे सगळं लिहून पाठवलं. पुढच्या तुकडीच्या किटमध्ये फोनचा स्टँड आणि तपासलेली जादा केबल घालणार असं त्यांचं उत्तर आलंय. मीटरबद्दल अजून काही म्हणाले नाहीत. माझी सहकारी त्या तुकडीत घरून बसणार आहे. माझा मीटर तिच्याकडे देऊन आलेय, आणि तिच्या ब्रेडबोर्डच्या दोन्ही रेघा मध्यावर बघून, फटीवरून वायर टाकूनच आलेय.